वाचकांचे प्रश्न : बेटांवरचे साप आणि न बोलावलेले पाहुणे

उष्ण कटिबंधातल्या बेटांवरील प्राण्यांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांचा रोख ‘जगातला सर्वांत विषारी साप कोणत्या बेटावर आहे’ या एकाच प्रश्नाकडे होता. त्या चढाओढीत आम्ही पडलेलो नाही, कारण बेटावर कोणाचे विष किती जहाल आहे यापेक्षा तिथे आधी कोण आले आणि मागाहून कोण आले, हे विचारले तर पुष्कळ अधिक हाती लागते.

प्रश्न : आमच्या परसात मांजऱ्या साप अधूनमधून दिसतो आणि त्याच्यापासून माणसाला धोका नाही, असे सर्पमित्र सांगतात. त्याच्याच नात्यातल्या एका सापाने ग्वाम बेटावरचे सगळे पक्षी संपवले, असे वाचनात आले. एका सापाकडून असे होऊ शकते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होऊ शकते, आणि झालेले आहे, मात्र ‘सगळे’ हा शब्द किंचित सैल आहे. ग्वाम हे पश्चिम प्रशांत महासागरातल्या मारियाना द्वीपमालेतले, सुमारे ५४० चौरस किलोमीटरचे, अमेरिकेच्या ताब्यातले बेट आहे. तिथल्या जंगलातल्या मूळच्या बारा जातींच्या पक्ष्यांपैकी दहा जाती बेटावरच्या रानातून नाहीशा झाल्या. त्याला कारण ठरलेला तपकिरी वृक्षसर्प आपल्या मांजऱ्याच्याच बॉयगा गटातला आहे. उभ्या बाहुल्यांचे मोठे डोळे, सडपातळ अंग, रात्रीची भटकंती, झाडावर चढण्याचे कसब आणि जबड्याच्या मागच्या भागातले विषदंत ही सगळी लक्षणे दोघांत सारखी आहेत. दोघेही निमविषारी आहेत. ग्वाममध्ये झोपलेल्या तान्ह्या मुलांना या सापाने चावल्याच्या घटना घडल्या आहेत, परंतु त्याच्या दंशाने तिथे कोणी दगावलेले नाही.

हा साप ऑस्ट्रेलियाचा उत्तर आणि पूर्व किनारा, न्यू गिनी आणि सॉलोमन बेटे या पट्ट्यातला मूळ रहिवासी आहे, आणि तिथे तो इतर सापांसारखाच, कोणाच्या डोळ्यांवर न येता राहतो. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर न्यू गिनीच्या उत्तरेकडील मानुस बेटावरून जे लष्करी सामान ग्वामला आणले गेले, त्यात लपून तो आला असावा, असे मानले जाते. बेटाच्या दक्षिण भागातले पक्षी आधी कमी झाले, उत्तरेकडचे नंतर, आणि हा ऱ्हास पुढे सरकत असताना कित्येक वर्षे संशय सापावर गेलाच नाही. कोणी फवारलेल्या कीटकनाशकांना दोष दिला, कोणी पक्ष्यांच्या साथीच्या रोगाला, कोणी वादळांना. ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने यातली एकेक शक्यता तपासून बाजूला सारली, सापळ्यांत जिवंत पक्षी आमिष म्हणून ठेवून ते कोण खाते हे पाहिले, आणि सापाचा फैलाव व पक्ष्यांचा ऱ्हास एकाच वाटेने पुढे गेल्याचे दाखवले. त्यांचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला, पण तोवर उशीर झाला होता. केवळ ग्वामवरच आढळणारा माशीमार पक्षी त्याच्या तीन-चार वर्षे आधी शेवटचा दिसला होता.

असे का झाले, याची दोन कारणे एकत्र पाहावी लागतात. पहिले सर्वांना पटकन समजते. ग्वामवर गांडुळाएवढ्या वाळा सापाखेरीज दुसरा साप नव्हता, त्यामुळे रात्री फांदीवरून सरपटत घरट्यापर्यंत येणाऱ्या शत्रूची तिथल्या पक्ष्यांना ओळखच नव्हती. दुसरे कारण सहसा सांगितले जात नाही, आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. एरवी भक्ष्य संपत आले की भक्षकही उपाशी मरतो आणि उरलेल्या भक्ष्याला सावरायला अवधी मिळतो. ग्वाममध्ये तसे झाले नाही, कारण माणसांबरोबर आलेले उंदीर, पाली आणि सापसुरळ्या यांनी सापांचे पोट भरत राहिले. पक्षी विरळ झाले तरी साप विरळ झाले नाहीत, आणि शेवटच्या जोडीपर्यंतची घरटी लुटली गेली. भर संख्येच्या काळात काही भागांत हेक्टरी पन्नास किंवा त्याहूनही अधिक साप होते.

पुढचे परिणाम अजून चालू आहेत. पावसाळ्यात ग्वामच्या जंगलातली कोळ्यांची जाळी शेजारच्या बेटांच्या तुलनेत चाळीस पटींपर्यंत जास्त आढळली आहेत, कारण कोळी आणि त्यांचे भक्ष्य असलेले किडे खाणारे पक्षी उरलेले नाहीत. फळे खाऊन बिया दूरवर टाकणारे पक्षी गेल्यामुळे अनेक झाडांच्या बिया त्याच झाडाखाली पडून कुजतात, आणि उन्मळलेल्या झाडांच्या मोकळ्या जागी नवी रोपे पूर्वीसारखी येत नाहीत. विजेच्या खांबांवर आणि उपकेंद्रांत साप चढून वीज गेल्याच्या घटना १९७८ ते १९९७ या काळातच सोळाशेच्या घरात होत्या.

या सापावर चालणारे एक औषध आपल्या प्रत्येकाच्या घरात असते, ते म्हणजे पॅरासिटामॉल. केवळ ८० मिलिग्रॅम मात्रा या सापाला मारायला पुरते, कारण तिच्यामुळे त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते. मेलेल्या उंदराच्या पिल्लात हे औषध भरून, त्याला कागदी फीत बांधून, ती फांद्यांत अडकेल अशा रीतीने हेलिकॉप्टरमधून जंगलावर टाकले जाते. बेटाबाहेर जाणाऱ्या मालाची तपासणी शिकवलेली कुत्री करतात. पक्ष्यांपैकी जमिनीवर वावरणारा, पाणकोंबडीच्या कुळातला ‘कोको’ पिंजऱ्यात वाढवून रोटा आणि कोकोस या जवळच्या बेटांवर सोडण्यात आला, तर ‘सिहेक’ नावाचा खंड्या १९८८पासून केवळ पिंजऱ्यातच होता आणि २०२४ साली त्याचे काही पक्षी दूरच्या पाल्मायरा प्रवाळबेटावर सोडले गेले. या दोघांनाही ग्वामच्या मुख्य भूमीवर परत सोडण्याजोगी स्थिती अजून आलेली नाही.

प्रश्न : साप इतके माजले असतील तर मुंगूस सोडण्याचा साधा उपाय अमेरिकेसारख्या देशाला सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. (एक वाचक, जळगाव)

उत्तर : हा उपाय जगाला दीडशे वर्षांपूर्वीच सुचला होता, आणि त्याचे व्याज अनेक बेटे अद्याप फेडत आहेत. १८७२ साली जमैकातल्या एका ऊसमळेवाल्याने उंदरांच्या बंदोबस्तासाठी भारतातून नऊ मुंगसे मागवली. त्यांच्या वंशजांना पुढे कॅरिबियनमधल्या इतर बेटांवर आणि १८८३ साली हवाईत नेण्यात आले. हे आपल्याकडे गावोगाव दिसणारे राखी मुंगूस नव्हे, तर त्याचे धाकटे, उत्तर भारतातले भावंड होय. उंदीर मुख्यतः रात्रीचा, मुंगूस दिवसाचा. त्यामुळे दोघांची गाठ जेमतेम पडली, आणि मुंगसाने आपले लक्ष जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सरडे आणि कासवांची अंडी यांच्याकडे वळवले.

सापांसाठी म्हणून मुद्दाम मुंगूस सोडण्याचा प्रयोग जपानच्या अमामी ओशिमा या बेटावर झाला. तिथल्या ‘हाबू’ नावाच्या विषारी सापावर उतारा म्हणून १९७९ साली सुमारे तीस मुंगसे सोडली गेली. हाबूही रात्रीच फिरतो. नाग आणि मुंगसाची झुंज गारुड्याने भर दुपारी लावलेली असते म्हणून आपल्याला ती निसर्गनियम वाटते. रानात मात्र दोघांच्या वेळा जुळाव्या लागतात. मुंगसांनी हाबू सोडून, जगात केवळ या आणि शेजारच्या एका बेटावर उरलेल्या काळ्या सशावर ताव मारला, आणि एकविसावे शतक उजाडेपर्यंत मुंगसांची संख्या दहा हजारांच्या आसपास पोहोचली. सापळे लावून आणि कुत्र्यांकडून हुडकून त्यांना संपवण्याचे काम पुढे वीस वर्षांहून अधिक चालले, आणि बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा सप्टेंबर २०२४मध्ये झाली. हाबू अर्थातच आहे तिथेच आहे.

याची दुसरी बाजू कॅरिबियनमधल्याच अँटिग्वा बेटावर पाहायला मिळते. तिथला एक बिनविषारी, माणसाला अजिबात न चावणारा साप मुंगूस आणि उंदीर यांच्यापायी मुख्य बेटावरून संपला, आणि १९९५ साली किनाऱ्याजवळच्या, जेमतेम दहा हेक्टरांच्या ग्रेट बर्ड बेटावर त्याचे पन्नासच्या आसपास जीव उरले होते. त्या बेटावरचे उंदीर काढून टाकले, मग साप जवळच्या आणखी काही छोट्या बेटांवर नेऊन सोडले, आणि आज त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. सापाला वाचवण्यासाठी उंदीर मारावे लागले, हे ऐकून आपल्याकडच्या शेतकऱ्याला हसू येईल.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंडीत माती उकरताना चकचकीत काळसर, गांडुळासारखा पण वळवळ फार करणारा जीव निघाला. शेजारी म्हणतात हा साप आहे आणि तो कानात शिरतो. खरे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तो वाळा आहे आणि तो खरोखरच साप आहे. कानात शिरतो ही समजूत निराधार आहे. तो मुंग्या आणि वाळवीची अंडी व अळ्या खातो, आणि माणसाला चावण्याइतके त्याचे तोंडही मोठे नसते. आजच्या विषयात हा प्रश्न घेण्याचे कारण असे, की बेटे जिंकण्याच्या कामात या अंध, बोटभर सापाने भल्याभल्यांना मागे टाकले आहे. त्याच्या जातीत नर आढळत नाहीत, एकटी मादी फलनाविना अंडी घालते, आणि म्हणून कुंडीच्या मातीतून एकच वाळा जहाजाने गेला तरी नवी वसाहत सुरू होऊ शकते. ज्या हवाईत जमिनीवरचा एकही मूळ साप नाही, तिथेही हा रोपांबरोबर पोहोचून स्थिरावला आहे. आपण त्याला कुंडीतच राहू दिले तरी चालेल.

प्रश्न : ब्राझीलजवळच्या ‘स्नेक आयलंड’विषयीच्या चित्रफितींत सांगतात, की तिथे दर चौरस मीटरला पाच साप आहेत आणि गेलेला माणूस परत येत नाही. यात तथ्य किती? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : साप खरे, आकडा खोटा. साओ पाउलो राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवरचे हे बेट म्हणजे इल्हा दा केमादा ग्रांदे. काटेकोरपणे पाहिले तर ते मकरवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या उंबरठ्याबाहेर आहे, पण या सदरापुरती ती सवलत आम्ही घेतली आहे. बेटाचे क्षेत्रफळ ४३ हेक्टर, म्हणजे ४ लाख ३० हजार चौरस मीटर. पाचाच्या हिशेबाने तिथे एकवीस लाखांहून अधिक साप भरतील. अभ्यासकांचा अंदाज दोन ते चार हजारांचा आहे, म्हणजे शंभर-दोनशे चौरस मीटरला एक. सापांच्या दृष्टीने हेही फार दाट आहे, पण पाऊल ठेवायला जागा नाही असे मुळीच नाही.

बेटावरचा सोनेरी, भाल्याच्या पात्यासारख्या डोक्याचा साप केवळ इथेच आढळतो. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढून हा डोंगर मुख्य भूमीपासून तुटला आणि त्यावरचे साप अडकून पडले. मुख्य भूमीवरचे त्यांचे भाऊबंद मोठे झाले की उंदरांसारखे सस्तन प्राणी खातात. बेटावर ते नव्हते, म्हणून इथले मोठे साप झाडांवर चढून, स्थलांतराच्या वाटेवर विसाव्याला उतरणारे पक्षी पकडू लागले. जमिनीवरच्या सापाने उंदराला दंश करून सोडले तर नंतर वासावर माग काढता येतो, उडून गेलेल्या पक्ष्याचा काढता येत नाही. त्यामुळे चटकन परिणाम करणारे विष आणि पक्षी तोंडात धरून ठेवण्याची सवय यांचा या सापाला उपयोग होतो.

बेटावर जायला बंदी आहे, ती ब्राझीलच्या नौदलाची. दीपस्तंभाची देखभाल करणारे नौसैनिक आणि परवाना मिळालेले संशोधक तिथे जातात आणि परतही येतात. बंदीमुळे माणसे सापांपासून वाचतात, तसे सापही माणसांपासून वाचतात, कारण हौशी संग्राहकांच्या काळ्या बाजारात या सापाला मोठी किंमत येते. एवढ्याशा जागेत नात्यातल्या नात्यात प्रजनन होत असल्यामुळे त्याची अवस्था आधीच नाजूक आहे, आणि अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. चित्रफितींत हे सांगितले जात नाही, कारण बिचारा साप पाहायला कोणी थांबत नाही.

प्रश्न : साप किंवा सरडा मुळात समुद्र ओलांडून बेटावर जातोच कसा? आणि हवाईत साप का गेले नाहीत? (एक विद्यार्थिनी, इयत्ता अकरावी, नांदेड)

उत्तर : काही बेटांवर जायला समुद्र ओलांडावाच लागला नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती आणि जावा, सुमात्रा व बोर्निओ ही बेटे आशियाच्या भूमीला जोडलेली होती. तिथे वाघ आणि गेंडे पोहोचले, तर सापांचे काय नवल.

ज्या बेटांना असा पूल कधीच मिळाला नाही, तिथे जाणारे प्राणी पुराने उपटून आणलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून जातात. ही केवळ कल्पना नाही. १९९५ साली कॅरिबियन समुद्रात लागोपाठ दोन चक्रीवादळे येऊन गेल्यावर, अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला झाडांचा एक गुंता लागला आणि त्यावरून हिरवे इग्वाना उतरताना कोळ्यांनी पाहिले. ती जात त्या बेटावर आधी नव्हती. २००४ साली टांझानियाच्या किनाऱ्यावर एक महाकाय कासव चालत वर आले, त्याच्या पायांवर समुद्रातले शिंपलेधारी जीव चिकटून वाढलेले होते, यावरून ते हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटांकडून कित्येक आठवडे तरंगत आले असावे असे ठरले. इंडोनेशियातल्या क्राकाताऊ बेटावरचा १८८३ सालचा ज्वालामुखी तिथली जीवसृष्टी जाळून गेला, आणि पंचवीस वर्षांनी, १९०८मध्ये, त्या बेटावर जाळीदार अजगर सापडला. तो उत्तम पोहतो.

सरपटणारे प्राणी या प्रवासात सरस ठरतात, कारण त्यांना शरीराचे तापमान टिकवण्यासाठी रोज खावे लागत नाही आणि खवल्यांच्या कातडीतून पाणी सहजासहजी जात नाही. ओल्या कातडीच्या बेडकांना मात्र खारे पाणी मारक ठरते, म्हणून दूरच्या बेटांवर मूळचे बेडूक जवळजवळ नसतात. हवाई बेटे जवळच्या खंडापासून तीन हजार किलोमीटरहून दूर आहेत आणि ती कधीच कोणत्या खंडाला जोडलेली नव्हती. इतक्या अंतरात तराफाही टिकत नाही. ग्वामचा अनुभव समोर असल्याने हवाईत साप बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन लाख डॉलरपर्यंत दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या काळापासून आमचे मराठी कुटुंब मॉरिशसमध्ये आहे. इथे विषारी साप नाहीत, हे लहानपणापासून ऐकतो. मग राउंड आयलंडचा बोआ हा काय प्रकार आहे? (एक वाचक, मॉरिशस)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि हा बोआही बिनविषारीच आहे. मॉरिशसच्या मुख्य बेटावर उंदीर, डुकरे, माकडे आणि मांजरे माणसांबरोबर आली आणि मूळचे बरेचसे सरपटणारे प्राणी तिथून नाहीसे झाले. उत्तरेला वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या राउंड आयलंडवर उंदीर कधीच पोहोचले नाहीत, म्हणून जुन्या मॉरिशसची काही मंडळी तिथे तग धरून राहिली. त्या बेटाच्या शेजारच्या ‘सर्प बेटा’वर मात्र एकही साप नाही, हा नाव देणाऱ्यांचा विनोद म्हणायचा.

राउंड आयलंडवर दोन जातींचे ‘बोआ’ होते आणि दोन्ही जगात इतरत्र नव्हते. शेळ्या आणि ससे यांनी झाडोरा इतका खाल्ला की मातीच वाहून गेली, आणि त्या मातीत बिळे करून राहणारा बोआ १९७५नंतर कोणाला दिसलेला नाही. दुसरा, कणादार खवल्यांचा, वाचला. शेळ्या १९७९ साली आणि ससे १९८६ साली बेटावरून हटवल्यावर ताडाची झाडे पुन्हा वाढू लागली. या सापाचे प्रजनन इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयातही करण्यात आले. २०१२ साली त्याला जवळच्या गनर्स क्वॉइन बेटावरही सोडण्यात आले, म्हणजे एका बेटावर काही आपत्ती आली तरी जात संपू नये. त्याच्या वरच्या जबड्याचे हाड मध्ये सांधा असलेल्या दोन तुकड्यांचे आहे. राउंड आयलंडच्या या दोन बोआंखेरीज ही रचना अन्य कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्यात माहीत नाही आणि गुळगुळीत सापसुरळी घट्ट पकडायला ती उपयोगी पडते.

आपल्या घराजवळ जो साप दिसत असेल तो बहुधा आपल्याकडच्या कवड्या सापाच्या गटातला, आशियातून गेलेला आहे, आणि तोही बिनविषारी आहे. याच गटातला साप १९८७ साली हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर आढळला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत तिथल्या मूळच्या सापसुरळ्या व पाली रानातून जवळपास संपल्या. तेव्हा कवड्या दिसला तर घाबरू नये, पण राउंड आयलंडला जाणाऱ्या होडीतल्या सामानाची तपासणी इतकी कडक का असते, तेही लक्षात घ्यावे.

प्रश्न : डिसेंबरात कुटुंबासह अंदमानला जाण्याचे ठरवले आहे. सेल्युलर जेल पाहून पुढे हॅवलॉकलाही जायचे आहे. तिथे साप फार असतात का? सर्पदंशावरचे औषध मिळते का? वडील पंचाहत्तर वर्षांचे आहेत, म्हणून काळजी वाटते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण रत्नागिरीचे असल्याने हे सांगणे सोपे आहे : कातळावर फुरशांच्या सोबतीने आयुष्य काढलेल्या माणसाने अंदमानात सापांना विशेष भिण्याचे कारण नाही. तिथे फुरसे नाही आणि घोणसही नाही. नागराज, अंदमानी नाग, अंदमानी मण्यार आणि चापड्याच्या कुळातला साप हे विषारी साप तिथे आहेत, परंतु जेल, गाव आणि वर्दळीचे किनारे एवढेच पाहणाऱ्या पर्यटकाला ते क्वचितच दिसतात. अंधारात चालताना बॅटरी, जंगलवाटेवर बंद बूट आणि बूट घालण्यापूर्वी ते झटकणे, एवढी घरचीच शिस्त तिथे पाळावी.

औषधाविषयी मात्र थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. भारतात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या मुख्य भूमीवरच्या चार सापांच्या विषांवर बेतलेले आहे. अंदमानातले साप वेगळ्या जातींचे असल्यामुळे त्यांच्यावर त्याचा गुण तितका येईलच असे नाही, आणि म्हणून रुग्णालयातल्या देखरेखीला तिथे अधिकच महत्त्व आहे. दंश झालाच तर जखम कापू किंवा चोखू नये, करकचून दोरी बांधू नये, दंश झालेला अवयव हलवू नये आणि रुग्णाला न चालवता लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे. शक्य झाल्यास सापाचे छायाचित्र घ्यावे, पण त्याच्यामागे धावू नये.

किनाऱ्यावरच्या खडकांत निळसर-करड्या अंगावर काळे पट्टे असलेला साप दिसला, तर तो समुद्री मण्यार होय. इतर बहुतेक समुद्री साप आयुष्यभर पाण्यात राहतात आणि पिल्ले देतात, पण हा अंडी घालायला, कात टाकायला आणि खाल्लेले पचवायला जमिनीवर येतो. त्याचे विष तीव्र आहे आणि स्वभाव अत्यंत शांत. त्या शांतपणाचा गैरफायदा घेऊन त्याला हातात धरून छायाचित्रे काढणारे लोक आहेत. त्यांचे अनुकरण करू नये.

काळजी करायचीच असेल तर ती मगरीची करावी. खाऱ्या पाण्यातली मगर खाड्यांत, खारफुटीत आणि कधीकधी किनाऱ्यालगतही असते, आणि हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, २०१० साली एका पर्यटक स्त्रीचा तिने बळी घेतला होता. पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या सूचनाफलकावर काय लिहिले आहे ते पाहावे, संध्याकाळनंतर पाण्यात जाऊ नये आणि खाडीच्या मुखाशी पोहू नये. वडिलांना खाडीकाठच्या दगडांवर बसवून आपण फिरायला जाणेही टाळावे.

जाताजाता दोन ओळखीचे प्राणी दिसतील, तेव्हा ते तिथले मूळचे नाहीत, हे मुलांना सांगता येईल. रॉस बेटावर, ज्याचे नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, माणसांत बिनधास्त फिरणारी चितळे इंग्रजांनी आणलेल्यांचे वंशज आहेत. त्यांना खाणारा प्राणी बेटांवर नसल्याने ती रानातली कोवळी रोपे उगवू देत नाहीत. दुसरा म्हणजे आपल्याकडे पहिल्या पावसात पिवळाधमक होणारा मोठा बेडूक. तो मत्स्यबीजाबरोबर मुख्य भूमीवरून तिथे गेला असावा. त्याची पिल्लेच मांसाहारी असून एकाच डबक्यातल्या तिथल्या मूळ बेडकांच्या पिल्लांना खाऊन टाकतात, आणि मोठा झाल्यावर तो पाली, छोटे साप आणि कोंबडीची पिल्लेही गिळतो. आपल्या वडिलांना हा बेडूक लहानपणापासून परिचयाचा असेल. तो तिथला उपद्रवी आहे, हे त्यांना पटवायला थोडा वेळ लागेल.

किनाऱ्यावर पडलेले प्रवाळ, ते मेलेले असले तरी, उचलून आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्यांना संरक्षण आहे, अनेक जातींच्या शंखांनाही आहे, आणि परतीच्या वेळी विमानतळावरच्या तपासणीत ते जप्त होऊन वर कारवाईही होऊ शकते. शंखशिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर परवानाधारक दुकानातून घ्याव्यात आणि पावती सामानात नव्हे, खिशात ठेवावी.